वरवंटा ठेवलेला पाळणा

बारसं रंगात आलं आणि पाळणा मुका झाला.

बारसं होतं तिकडे, आणि बघणाऱ्या बायका होत्या भंडाऱ्यात. तिकडे म्हणजे उत्तरेच्या समुद्राकाठच्या एका देशात. देशाचं नाव गोष्टीला लागत नाही, शिवाय तिथले वकील फार तत्पर असतात, तेव्हा आपण आपलं 'तिकडे' म्हणू. हेमलताबाईही तसंच म्हणायच्या. त्यांची एकुलती एक जुई तीन वर्षांपासून तिकडे नांदत होती, बारा दिवसांपूर्वी तिला मुलगी झाली होती, आणि हेमलताबाईंच्या माहेरच्या, लांजेवारांच्या कारखान्यातला पाळणा बोटीतून दोन महिने प्रवास करून वेळेवर पोचला होता.

भंडाऱ्यात दुपारचे तीन वाजले होते. ओसरीतल्या भिंतीवर जुईचं घर दिसत होतं, आठव्या मजल्यावरचं, पांढरं, खिडकीबाहेर धुकं. पाळण्याला झेंडूच्या माळा नव्हत्या, तिकडची कुठलीशी निळी फुलं होती, पण बाकी सगळं रीतीप्रमाणे. आधी वरवंट्याला तेल लावून, टोपरं घालून पाळण्याखालून वरून फिरवलं. कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या. मग वरवंटा पाळण्यात निजवून जुईने दोरी ओढली, आणि वरच्या पितळी कडीतून आवाज आला. रुण. रुण. भंडाऱ्यातल्या बायकांनी माना डोलावल्या.

मग वरवंटा काढून पोरीला ठेवलं. रेवा नाव ठेवायचं होतं. जुईने दोरी ओढली. पाळणा झुलला, फुलं हलली, पोरीची मूठ हलली, पण आवाज काही आला नाही.

आधी वाटलं भिंत बिघडली. पण तिकडच्या मैत्रिणींचं गाणं नीट ऐकू येत होतं, कुणाच्या तरी बांगड्या वाजल्या त्याही ऐकू आल्या. जुईने पोरीला उचलून पुन्हा वरवंटा ठेवला. रुण. रुण. पोरीला ठेवलं की शांत. भंडाऱ्यातल्या एका बाईने पदराआड बोटं मोडली आणि दृष्ट काढायला सांगितली. गाणारणी एकेक करून थांबल्या.

"आई," जुई म्हणाली, "माझ्या पोरीला घेऊन हा वाजूनच नाही राहिला."

हेमलताबाईंच्या मनात दृष्टीचं आलंही नाही. दगड ठेवल्यावर वाजतं आणि बाळ ठेवल्यावर वाजत नाही, यातलं अर्धं कारण त्यांना त्याच क्षणी कळलं होतं, आणि ते त्यांनी सव्वीस वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. ते काय, ते थोडं पुढे.

लांजेवारांच्या पाळण्यात लाकूड कुणाचंही असेल, कडी मात्र घरची असते. हेमलताबाईंच्या वडिलांनी ती कडी पहिल्यांदा ओतली. तीन गोल, मधला पोकळ, आणि त्या पोकळीत हरभऱ्याएवढी एक गोळी. पाळणा झुलला की गोळी घरंगळते आणि कडीला आतून लागते. एवढ्याचसाठी नागपूर-जबलपूरहून लोक येत, आणि पुढे त्या लोकांची पोरंबाळं जिकडे गेली तिकडून मागणी येऊ लागली. वडिलांना मुलगा नव्हता. त्यांनी गोळी जुळवायची विद्या मुलीला दिली आणि लग्नानंतरही तिला भंडाऱ्यातच ठेवून घेतलं. जावई नामदेवराव शाळेत भौतिकशास्त्र शिकवत. आपण या घरात हुंड्यात आलो असं ते चारचौघांत खुशाल सांगत.

गोळी जुळवायची पद्धत ऐकली तर कुणी हसेल. कडी चौकटीला टांगायची, खाली ओल्या तांदळाची पिशवी लावायची, डाव्या हाताची दोन बोटं उजव्या मनगटाच्या नाडीवर ठेवायची आणि पायाने पिशवीला झोका द्यायचा. नाडी आणि कडी एकमेकींना सोडून जायला लागल्या की गोळी काढायची, घासायची, पुन्हा घालायची. हेमलताबाईंनी हे पस्तीस वर्षं केलं. हजारो पोरं ज्या आवाजाने निजली, त्या आवाजाने त्यांना एकदाही जांभई आली नाही. त्यांच्या कानाला तो कामाचा आवाज होता.

मुकेपणाचं कोडं शबाना काझीने दोन दिवसांत सोडवलं. शबाना नागपूरची वकील. व्यापारचिन्हांचं काम करायची, आणि तिला स्वतःला लहानपणी लांजेवारांच्या पाळण्यात निजवलेलं होतं, त्यामुळे ती हेमलताबाईंना काकू म्हणे आणि फी सांगताना घुटमळे.

तिकडे सगळी घरं शांत भिंतींची असतात, तिने सांगितलं. आवाज म्हणजे हवेचं पुढेमागे होणं. भिंतीतले बारीक कान आवाज ऐकतात आणि नेमक्या त्याच वेळी हवेला उलट मागेपुढे करतात. पुढे आणि मागे मिळून होतं शून्य. सुरुवातीला रस्त्यावरच्या गाड्या गप्प करायला हे काढलं. मग कुणीतरी खोट्या भोंग्यांनी लोकांना घाबरवायला लागलं, तेव्हा कायदा झाला की काही आवाज नोंदवायचे आणि परवानगी नसलेल्याने ते काढले तर भिंतींनी गिळायचे. कायद्याचं दार एकदा किलकिलं झालं की कंपन्या आत शिरतात. आता तिकडे कुणाचाही नोंदलेला आवाज, त्या कंपनीने घराला मोकळीक दिलेली नसेल, तर भिंत गिळून टाकते.

"आणि आपल्या पाळण्याचा आवाज तिकडे ओल्व्हेन नावाच्या कंपनीने नोंदवलाय, काकू. पाच वर्षं झाली. ते विजेचे पाळणे विकतात."

नामदेवरावांना हे पटेना. आवाज तर लांजेवारांच्या नावावर आहे, दारावर पाटी आहे, सासऱ्यांनी ती स्वतः पितळेत ओतून लावली आहे, 'नोंदणीकृत नाद'. मग शबानाने त्यांना समजावलं की व्यापारचिन्ह हे माणसासारखं पासपोर्ट घेऊन फिरत नाही. ज्या देशात नोंदवाल त्या देशापुरतं ते तुमचं. लांजेवारांनी भारतातली नोंद पुढे अकरा देशांत नेली होती, जिथे तेव्हा पाळणे जात होते. तिकडे तेव्हा एकही जात नव्हता. कुंपण घालायचं राहिलं आणि दुसऱ्याने खुंट्या मारल्या.

उपाय होता. ओल्व्हेनच्या नोंदीआधीपासून हा आवाज तिकडच्या लोकांना लांजेवारांचा म्हणून ठाऊक होता, असं दाखवता आलं तर ओल्व्हेनची नोंद रद्द होणार होती. पूर्वी अशा वेळी लोकांना प्रश्न विचारत आणि दोन्ही बाजू आपापल्या सोयीची उत्तरं विकत घेत. आता तसं चालत नाही. आता झोपलेल्या माणसाची साक्ष घेतात.

हेही शबानानेच सांगितलं. डोळे मिटतात, कान मिटत नाहीत. झोपेत ओळखीचा आवाज कानावर पडला की सेकंदाचा तिसरा हिस्सा जातो न जातो तोच मेंदूत एक लाट उठते. अनोळखी आवाजाला ती उठत नाही, उठली तरी मरतुकडी. झोपलेल्याला खोटं बोलता येत नाही, लाज वाटत नाही, कुणाला खूश करायचं नसतं. तिकडच्या प्रयोगशाळेत चारशे माणसं दुपारची निजायला येतात, डोक्याला मऊ पट्टा बांधतात, त्यांना आवाज ऐकवतात, आणि लाटा मोजतात. हेमलताबाईंना ते ऐकून फार बरं वाटलं. एका परक्या गावात, पडदे ओढलेल्या मोठ्या दालनात, चारशे अनोळखी माणसं निजली आहेत आणि वरून आपली कडी वाजते आहे. दोन दिवस त्या कामात असूनही मनाने त्या दालनातच होत्या.

निकाल आला. चारशेपैकी चौघांनी ओळखलं.

"चार म्हणजे काहीच नाही," शबाना म्हणाली. "काकू, मला वाटलं होतं निदान आपली भारतातून गेलेली माणसं तरी ओळखतील. सत्तर जण होते तसे. मी स्वतः पण निजून पाहिलं इथे नागपुरात. माझी पण लाट नाही उठली. मी तर याच पाळण्यात वाढली."

चाचणीत नोंदीतलाच आवाज वाजवावा लागतो. सव्वीस वर्षांपूर्वी जी तीस सेकंदं कार्यालयात दाखल झाली तीच. शबानाने ती तीस सेकंदं लावली. रुण. रुण. रुण.

आता सव्वीस वर्षं लपवलेलं उघड करणं भाग होतं. हेमलताबाईंनी नवऱ्यासमोर आणि वकिलीणबाईंसमोर सांगून टाकलं.

सव्वीस वर्षांपूर्वी नोंदीसाठी आवाज घ्यायला नागपूरहून माणूस आला, तेव्हा जुई पोटात होती. सातवा महिना. त्याआधी दोनदा पोट राहून गेलं होतं, आणि डॉक्टरांनी या वेळी पलंगावरून उठायचं नाही अशी तंबी दिली होती. पाळणा बाहेर माजघरात टांगला होता. आवाज घ्यायचा तर हलवायला हवा, आणि घरात सातव्या महिन्याची बाई असताना रिकामा पाळणा हलवायचा म्हणजे काय, हे ज्याला ठाऊक आहे त्याला सांगायला नको आणि ज्याला नाही त्याला सांगून उपयोग नाही. त्यांच्या आईने शहाणपण केलं. वरवंटा धुतला, पुसला, पाळण्यात ठेवला, आणि मग दोरी ओढू दिली.

हेमलताबाई आत पलंगावर होत्या. त्यांच्या कानाला पहिल्याच झोक्याला कळलं. दगड कडक असतो. पाळण्याबरोबर जातो, पाळण्याबरोबर येतो, गोळी एकदाच लागते. बाळ तसं नसतं. बाळाचं मऊ अंग पाळण्याच्या मागून येतं, जरासं उशिरा, आणि तो उशिराचा हिसका दोरीतून वर चढून गोळीला दुसऱ्यांदा हलकेच लावतो. रुण-ण. रुण-ण. म्हणून तर जुळवताना ओल्या तांदळाची पिशवी लावायची.

"मी आतून म्हणायला पाहिजे होतं का वरवंटा काढा, तांदूळ लावा," हेमलताबाई म्हणाल्या. "पण मले भीतीच वाटली. वाटलं, पाळणा क्षणभर का होईना रिकामा होईन. मी गप्प बसली."

नामदेवरावांनी चष्मा काढून पुसला. मग ते शिक्षक असल्यामुळे त्यांनी उरलेलं सोडवलं. म्हणजे अकरा देशांत आणि भारतात आपल्या नावावर जो आवाज आहे तो वरवंट्याचा आहे. कुठल्याही पोराने तो कधी ऐकलेला नाही, कुठलंही पोर त्याने निजलेलं नाही. आणि तिकडे ओल्व्हेनने नोंदवला तो बाळाचा. म्हणून भिंत बाळाचा आवाज गिळते आणि वरवंट्याला वाजू देते. आपण सव्वीस वर्षं दगडाची राखण केली.

ओल्व्हेनने बाळाचा आवाज मिळवला कुठून, तेही बाहेर आलं. त्यांचा एक म्हातारा अभियंता कधीकाळी नागपुरात एका घरी पाहुणा होता. शेजारच्या खोलीत लांजेवारांचा पाळणा वाजत होता आणि त्या माणसाला कैक वर्षांनी दिवसाढवळ्या गाढ झोप लागली. जागा झाल्यावर त्याने आवाज टिपून घेतला. बिचाऱ्याच्या मनात पाप नव्हतं. पुढचं कंपनीने केलं.

शबाना हटणारी नव्हती. तिने दुसरी चाचणी मागितली, या वेळी ओल्व्हेनच्या आवाजाची. ओल्व्हेनने हसत संमती दिली, कारण त्यांना निकाल ठाऊक होता. आणि तसाच आला. चारशेपैकी तीनशे नव्वद जणांची लाट उठली. ओल्व्हेनच्या वकिलांनी एकमेकांचं अभिनंदन केलं.

त्या घाईत त्यांनी आलेख शेवटपर्यंत पाहिले नाहीत. शबानाने पाहिले, आणि आलेख घेऊन ती सकाळच्या गाडीने भंडाऱ्याला आली. तीनशे नव्वद हा आकडा फारच मोठा होता. तिकडे इतके पाळणे ओल्व्हेनने विकलेलेच नव्हते. शिवाय कंपनीचं चिन्ह ओळखलं की झोपेत काय होतं ते तिला ठाऊक होतं. लाट उठते आणि झोप किंचित उथळ होते, कुणी दारात काही विकायला आलं की आपण कान टवकारतो तेवढी. इथे उलटं होतं. लाट उठत होती आणि माणसं आणखी खोल जात होती. श्वास लांबत होता. अशी खोल जाणारी लाट आजवर एकाच आवाजाला नोंदली गेली होती, आईच्या.

नामदेवराव आलेख बराच वेळ बघत बसले. मग त्यांनी बायकोला गोळी जुळवायला बसवलं, तिची दोन बोटं तिच्या मनगटावर होती, आणि त्यांनी स्वतः घड्याळ धरलं. रुण-ण. रुण-ण. मोठा ठोका, लगेच मागून लहान. काळीज तसंच वाजतं. आणि गर्भातलं पोर नऊ महिने आतून तेच ऐकत असतं. सासऱ्यांना विज्ञान येत नव्हतं, पण त्यांनी नाडीवर बोटं ठेवून कडी जुळवली आणि नकळत आईच्या पोटातला आवाज पितळेत ओतला. तिकडच्या तीनशे नव्वद माणसांनी ना ओल्व्हेनला ओळखलं होतं ना लांजेवारांना.

"हे मांडलं तर ओल्व्हेनची नोंद पडेल," शबाना म्हणाली. "जो आवाज सगळ्यांच्याच ओळखीचा, आणि जो स्वतःच निजवायचं काम करतो, तो कुणा एकाची खूण होऊ शकत नाही. पण काकू, मग ओल्व्हेन हाच पुरावा घेऊन आपल्यावर येईल. आपण आज ना उद्या नवा, खरा आवाज नोंदवायला जाणार, तोही मिळणार नाही. कुठेच नाही. लांजेवारांचा नाद म्हणून काही उरणार नाही."

पुरावा मांडायला अजून पंधरा दिवस होते. तेवढ्यात ओल्व्हेनच्या कुणीतरी आलेख शेवटपर्यंत पाहिले असावेत, कारण तिकडून फार सभ्य भाषेत पत्र आलं. आवाज दोघांचा मानू. तिकडे ओल्व्हेनच्या प्रत्येक पाळण्यावर लांजेवारांचं नाव कोरू. लांजेवारांचे पाळणे तिकडे विनाअडथळा वाजतील, जुईच्या घरातला तर सही झाल्याच्या दुसऱ्या दिवशी. अट एकच, दुसऱ्या चाचणीचे आलेख कुणी कुणाला दाखवायचे नाहीत. लढायचंच म्हटलं तर निकालाला निदान सहा महिने.

सहा महिन्यांत पोर पाळण्यात मावेनासं होतं. हा हिशेब घरात कुणी मोठ्याने केला नाही.

नामदेवरावांना सही करावीशी वाटत होती आणि त्यांनी ते लपवलं नाही. सासऱ्यांचं नाव तिकडच्या घराघरांत जाणार होतं. ज्या माणसाने आपल्याला मुलासारखं ठेवलं, त्याच्यासाठी एवढं एक तरी आपल्या हातून होईल, असं ते म्हणाले. हेमलताबाईंना तर त्याहून वाटत होतं. चूक त्यांची होती. त्या गप्प बसल्या म्हणून नातीचा पाळणा मुका होता, आणि एका सहीने तो बोलता होणार होता. रेवा तिकडे झोपत नव्हती. जुई भिंतीवर दिसे तेव्हा तिच्या डोळ्यांखाली काळं दिसे आणि बोलता बोलता ती मध्येच विसरून जाई. त्यांनी शबानाला कागद तयार करायला सांगितलं.

सही करण्याआधी जुईशी बोलून घ्यावं म्हणून त्यांनी दुपारी भिंतीवरून तिला हाक दिली. जुई खिडकीपाशी उभी होती. पोर खांद्यावर होतं आणि ती त्याला थोपटत होती. हेमलताबाईंनी पत्राचं सगळं सांगितलं. जुईने ऐकलं, थोपटत राहिली, मग म्हणाली की कर, आई, सही कर, मी फार थकली आहे.

हेमलताबाई तिच्या हाताकडे बघत होत्या. हात पोरीच्या पाठीवर पडत होता, उठत होता. एक जोरात, मागून एक हलका. प्रत्येक आई तसंच थोपटते, कुणी शिकवत नाही.

"जुई, तुझं थोपटणं ऐकू नाही येऊन राहिलं."

"माहीत आहे," जुई म्हणाली. "दहा-बारा दिवसांपूर्वी ध्यानात आलं. भिंतीला फरक कळत नाही ना. आधी वाटायचं मीच बहिरी झाली."

रेवा किरकिरली, ते मात्र स्पष्ट ऐकू आलं. मग जुईने सांगितलं की खालच्या मजल्यावर एक बाई आहे, कुठल्या तरी बेटावरून आलेली, तिचं नाव आपल्याला नीट म्हणता येत नाही. तिला नुकतेच दिवस राहिले आहेत. काल ती जिन्यात भेटली आणि विचारत होती, तुमच्या घरात तुम्ही बाळाला थोपटता ते ऐकू येतं का. तिच्या बहिणीच्या घरी येत नाही म्हणे.

"सही केली तर तुमच्या घरात येईन ऐकू," हेमलताबाई म्हणाल्या.

"माझ्या घरात येईल."

"आणि तिच्या?"

जुईने पोरीला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं आणि आईकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. हेमलताबाईंना वाटलं, सव्वीस वर्षांपूर्वी पलंगावर पडल्या पडल्या आपल्याला जे ऐकू आलं होतं ते आपण आता तरी बोलायला हवं. एकदा भीतीने गप्प बसून झालं. त्या वेळी पोटातल्या पोरीसाठी गप्प बसलो, आणि आज त्याच पोरीसाठी पुन्हा गप्प बसायचं म्हटलं तर जमेल, पण खालच्या मजल्यावरची बाई मुक्या हाताने थोपटत राहील.

"तुले सहा महिने काढता येतीन का, बाई?" त्यांनी विचारलं.

जुईने नाक पुसलं. "काढीन," ती म्हणाली.

हेमलताबाईंनी संध्याकाळी शबानाला कळवलं की आलेख मांड. मांडताना आपल्या नोंदीतला आवाज वरवंट्याचा आहे हेही सांगून टाक, म्हणजे पुढे कुणी उकरायला नको. शबानाने दोनदा विचारून घेतलं. नामदेवराव त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी जेवले, आणि आलेखांवर भौतिकशास्त्राचं टिपण लिहून द्यायला स्वतःहून बसले.

सहा महिन्यांचे सात झाले. त्या सात महिन्यांत रेवा खांद्यावरच झोपली. जुईला पाठदुखी लागली, आणि मायलेकींच्या रोजच्या बोलण्यात पाळण्याचा विषय कुणी काढला नाही. पुढे रेवा पालथी पडली, मग बसायला लागली. बसल्यावर ती पाळण्याच्या कडेवर जोर देऊन उठायला बघू लागली, आणि पाळणा कोपऱ्यात टांगलेला राहिला, वरवंटा आत निजवून.

निकाल शबानाने सांगितला तेव्हा हेमलताबाई भट्टीपाशी होत्या. हा आवाज कुणाचाही नाही, असं तिकडच्या कार्यालयाने म्हटलं होतं. भिंतींना तो सोडून द्यायला सांगितलं होतं. आठ दिवसांत ओल्व्हेनने अकरा देशांत लांजेवारांविरुद्ध अर्ज टाकले. हेमलताबाईंनी त्यांना श्रम दिले नाहीत, आपल्या नोंदी आपणच मागे घेतल्या. मग पेचकस घेऊन दारावरची पाटी उतरवली. पितळ चांगलं होतं. त्यात चार कड्या झाल्या. वडिलांच्या फोटोसमोर त्या जरा वेळ उभ्या राहिल्या, आणि रडल्या, आणि कामाला लागल्या.

त्यानंतर आठवड्याने जुईने दुपारीच हाक दिली. ती तिच्या घरात नव्हती. खोली वेगळी होती, पडदे पिवळे होते. खालच्या मजल्यावरची ती बाई, सावळी, दमलेली, पलंगावर बसली होती आणि तिच्या मांडीवर दुपट्यात गुंडाळलेलं काहीतरी हलत होतं. मधोमध जुईच्या घरातला लांजेवारांचा पाळणा टांगला होता. रेवा जमिनीवर बसून पाळण्याची लोंबती दोरी चोखत होती.

"हिला रीत सांगितली मी," जुई म्हणाली. "आधी वरवंटा, मग बाळ."

त्या बाईने तोच जुना वरवंटा दोन्ही हातांनी उचलला. सव्वीस वर्षांपूर्वी कार्यालयात ज्याचा आवाज गेला तोच, हेमलताबाईंनी जुईच्या सामानात बांधून दिलेला. तिने तो पाळण्याखालून फिरवला. जुईने वरून घेतला. गोविंद घ्या, जुई म्हणाली, आणि त्या बाईने जमेल तसं म्हटलं, गोपाळ घ्या. वरवंटा निजवला. रुण. रुण. मग वरवंटा काढून तिने आपलं बाळ ठेवलं, आणि दोरी ओढायला तिचा हात धजेना. रेवाने चोखता चोखता दोरीला हिसका दिला.

रुण-ण.

हेमलताबाई कारखान्यात चौकटीसमोर बसल्या होत्या. समोर नवी कडी टांगलेली होती आणि सवयीने दोन बोटं मनगटावर होती. पाळणा तिकडे झुलत राहिला. रुण-ण. रुण-ण. जुळवायला काही नव्हतं, घासायला काही नव्हतं. गोळी बरोबर लागत होती. पस्तीस वर्षं त्यांनी त्या आवाजातली चूक ऐकली होती, आणि आज चूक नव्हती तेव्हा नुसता आवाज उरला. त्यांना जांभई आली. त्यांनी भिंतीला डोकं टेकलं.

नामदेवराव चहा घेऊन आले तर भरदुपारी, कडीसमोर, बायको झोपलेली. बोटं मनगटावरून घसरून मांडीवर पडली होती. समोर भिंतीवर जुई ओठांवर बोट ठेवून उभी होती. नामदेवराव कप घेऊन तसेच मागे फिरले, आणि जाता जाता त्यांनी भट्टीचा भाता बंद केला.